हिरव्या साडीतले खांदे

मला एका जागी बसवत न्हाई. आजचं न्हाई, लहानपणापासूनचं. शाळेत मास्तर विचारायचे, सोमेश्वर, तुझ्या बुडाखाली निखारे ठेवलेत का रे. मंग फोटोग्राफी धरली अन् सुटलो, कारण ह्या धंद्यात बसायचं कामच न्हाई. हळदीपासून पाठवणीपर्यंत उभा. खुर्चीवर चढ, स्टेजवरून उतर, नवरीच्या मामाला बाजूला सार, नवरदेवाची हनुवटी वर कर. वीस वर्षं हेच केलं. आणि दोन हजार वीसच्या मार्चमध्ये लग्नंच बंद झाली. जालन्यात मस्तगडला आमचं घर, खाली स्टुडिओ अन् वर बिऱ्हाड. मी दिवसभर जिन्यानं खाली-वर करायला लागलो. माझी बायको रूपाली म्हणाली, जिना झिजायच्या आधी काहीतरी काम शोधा.

काम शोधून दिलं माझ्या भाचीनं, अर्पितानं. ती पुण्यात कम्प्युटरवर काम करती. तिनं फोनवर समजावलं की मामा, अशा वेबसाइटी असतात, तिथं आपले फोटो नेऊन ठेवायचे. पेपरवाले, जाहिरातवाले, जगातलं कुणीही तिथून हवा तो फोटो उचलतं अन् आपल्याला त्याचे पैसे देतं. स्टॉक फोटो म्हणतात त्याला. मी म्हणलं, एवढंच ना, माझ्याकडं ढीग पडलाय. निवडून निवडून पन्नास पाठवले. नवरा-नवरी मोसंबीच्या बागेत, ओढणी उडालेली, आभाळ मी नंतर निळं टाकलेलं, दोघांची तोंडं दुधासारखी गोरी केलेली. पन्नासच्या पन्नास परत आले. एवढा राग आला की मोबाइल फेकला. गादीवर फेकला, जमिनीवर फेकायची ऐपत न्हाई.

अर्पिता म्हणाली, मामा, आत्ता जग काय शोधून राह्यलंय ते बघ. मास्क. साबणानं धुतलेले हात. रिकामा रस्ता. घरात एकटं पडलेलं माणूस. आणि कुणाचं तोंड गोरं करू नको. मी रद्द झालेल्या एका लग्नाची पत्रिका घेतली, तिच्या पाठीवर ही यादी लिहिली अन् भिंतीला चिकटवली. लगेच शर्टाखाली कॅमेरा लपवून रिकाम्या रस्त्याचा फोटो काढायला गेलो. पोलिसानं पोटरीवर अशी काठी ठेवून दिली की तीन दिवस जिनासुद्धा चढवेना. अन् तो फोटोही परत आला. कारण काय, तर मागच्या पाटीवर दुकानाचं नाव वाचता येतं.

म्हणून मी घरातच बघायला लागलो, आणि घरात आत्या होती.

तुळजाबाई, माझ्या वडिलांची बहीण. माहेर राजूरचं, आमचं मूळ गाव तेच. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, मूलबाळ न्हाई, तेव्हापासून आमच्याकडंच राहती. वय अडुसष्ट. मिश्री लावून लावून दात काळे झालेले, आणि ते दात ती दिवसातून शंभरदा दाखवायची, कारण तिला हसू आवरत न्हाई. टीव्हीवरच्या बातम्यांना हसायची, रूपालीच्या पोळीच्या नकाशाला हसायची, मला काठी पडली तेव्हा तर पदर तोंडात कोंबून हसली. हसली की सगळं अंग हलायचं तिचं. फोटोवाल्याला असलं माणूस म्हणजे डोक्याला ताप.

तिला खिडकीजवळ बसवलं. रूपालीनं ब्लाउजच्या तुकड्याचा शिवलेला मास्क तोंडावर चढवला. म्हणलं, आत्या, बाहेर बघ आणि गप बस. ती म्हणाली, बाहेर काय हाय बघायला. म्हणलं, काही न्हाई, तेच बघ. हसू नको बिलकुल. ती मास्कच्या आतून हसली ते डोळ्यांवरून कळलं. मी ओरडलो. चौथ्यांदा ओरडल्यावर तिचं तोंड उतरलं, आणि तेवढ्यात मी बटन दाबलं.

तो फोटो पास झाला. आठ दिवसांत विकला पण गेला, कुठल्या तरी परदेशी माणसानं घेतला. पैसे म्हणाल तर चहाला पुरतील न पुरतील, पण मी सगळ्या गल्लीला सांगत सुटलो. मंग मला वेडच लागलं. आत्या पाठमोरी. आत्याचे हात, साबणाचा फेस. आत्या रिकाम्या ताटापुढं. आत्या मोबाइलमध्ये कुणाशी तरी बोलतीय, चेहरा अंधारात. एकटी म्हातारी जगभर चालून राह्यली होती अन् माझ्या घरात फुकट बसलेली होती. प्रत्येक वेळी वेबसाइटवाल्यांना फोटोतल्या माणसाची परवानगीची सही लागायची, तर ती जीभ बाहेर काढून, एक एक अक्षर कोरून सही करायची. आणि सही झाली की दर वेळी तेच म्हणायची, सोम्या, एक माझा हसरा काढ की. भिंतीसाठी.

भिंतीसाठी म्हणजे काय, ते सांगावं लागंल. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो कुणी काढत न्हाई. काढला की मरणाची तयारी केली असं वाटतं. आणि माणूस गेलं की दहाव्याला फ्रेम तर लागतीच. मंग घरचे कुठल्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन येतात अन् बोट ठेवतात, हे आमचे. आम्ही त्यातून तेवढं मुंडकं कापायचं, मागं निळा पडदा टाकायचा आणि खाली एक धड बसवायचं. माझ्याकडं तीन धडं तयार होती. कोटातला माणूस, टोपी-सदऱ्यातला माणूस, आणि हिरव्या साडीतली बाई. बाईचे खांदे सरळ, पदर चापूनचोपून बसलेला. त्या एका धडावर मी जुन्या जालन्यातल्या किती बायांची मुंडकी बसवली असतील, आता आठवत पण न्हाई.

आत्याला हे सगळं माहीत होतं. समोरच्या साखराबाई वारल्या तेव्हा त्यांची फ्रेम बघून ती आली अन् म्हणाली, अरे, साखराबाईला असली साडी कधी होती? आणि तिचे खांदे एवढे सरळ कुठं होते, पाण्याच्या घागरी वाहून वाहून वाकून गेल्ती ती. मला असलं दुसऱ्याच्या धडावर बसवू नको बाबा. जिती हाय तोवर माझा काढून ठेव. हसरा. मला न्हाई भ्या वाटत.

मी म्हणायचो, काढू की उद्या. एकदा तर वैतागून बोललो, "आत्या, हसणारं विकत न्हाई."

ती म्हणाली, "तुला कोण विकायला सांगतंय?"

आणि मी पुढचा फोटो घ्यायला लागलो. हसरे जे चुकून निघायचे ते मी खोडून टाकायचो, कार्डात जागा लागती म्हणून. हे आता सांगताना माझीच मला लाज वाटती.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये जे झालं ते कुणाला नव्यानं सांगायची गरज न्हाई. माझं शटर अर्धं वर, अन् त्याच्याखालून हात यायचे. हातात लग्नाचे फोटो, आधार कार्डाच्या झेरॉक्स, मोबाइलमधला एखादा अंधुक फोटो. भाऊ, हे आमचे, दहावा परवाच्याला हाय. हिरवी साडी एका एका दिवसात चार-चारदा निघायला लागली. मला ते काम नको व्हायचं. कापलेल्या मुंडक्याकडं बघवत न्हाई म्हणून मी उठायचो, जिना चढायचो, उतरायचो, परत बसायचो. मला वाटायचं, हे काही माझं खरं काम न्हाई. माझं खरं काम भिंतीवरच्या त्या यादीत आहे. अर्पितानं यादीत नवीन भर घातली होती. रिकामा पलंग. वाफेचं भांडं. बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र.

ते यंत्र गावात कुठं मिळत नव्हतं. गल्लीतल्या मेडिकलवाल्या राधेश्यामकडं एक होतं, त्याच्या घरचं. मी हातापाया पडून तासाभरासाठी मागून आणलं. फोटोसाठी. लोक जिवासाठी फिरून राह्यले होते अन् मी फोटोसाठी आणलं.

आत्या दोन दिवसांपासून पडून होती. अंग मोडून आलंय म्हणाली. थोडा खोकला होता, पण मिश्रीमुळं तो तिला कायमच असायचा, म्हणून आम्ही कुणी मनावर घेतलं न्हाई. मी म्हणलं, आत्या, पडल्या पडल्या फक्त बोट दे, दुसरं काही न्हाई. तिनं दिलं. यंत्र लावलं. आकडा आला चौऱ्याऐंशी.

मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. तोंडाला मास्क, अंगावर गोधडी, खिडकीतला उजेड अन् पुढं लाल आकडा, चौऱ्याऐंशी. माझ्या बोटाला लावलं असतं तर अठ्ठ्याण्णव आलं असतं, अन् अठ्ठ्याण्णवचा फोटो कोण घेणार? म्हणलं, हात हलवू नको आत्या, आकडा पुसट येतोय. तिनं कसाबसा हात धरला. तो थरथरत होता म्हणून मी चिडलो. खाली उशी दिली. वीस-पंचवीस फोटो काढले. ती एकदाही हसली न्हाई, आणि मी मनात म्हणलं, आज शहाणी झालीय म्हातारी.

रूपाली चहा घेऊन आली. तिनं बोटाकडं बघितलं आणि कप तिच्या हातातून सुटला.

पुढचं सगळं जल्दी जल्दी झालं. रिक्षा, दवाखाना, तिथली रांग, एक पलंग मिळाला ते नशीब. आत कुणाला सोडत नव्हते. दारातून नेताना तिनं मागं वळून बघितलं पण मास्कमुळं काही कळलं न्हाई, हसली का रडली. मी गेटाबाहेर लिंबाच्या झाडाखाली उभा राहिलो. बसलो न्हाईच. त्या झाडाभोवती मी किती फेऱ्या मारल्या असतील देव जाणे, तिथल्या चहावाल्यानं शेवटी विचारलं की भाऊ, तुम्ही नवस फेडून राह्यले का. रोज संध्याकाळी आतून फोन यायचा. आहे तशीच आहे, एवढंच सांगायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलंय, बघू.

पाचव्या दिवशी दुपारी मी घरी आलो अन् काही सुचेना म्हणून कम्प्युटर लावला. मला फक्त तिचं तोंड बघायचं होतं. दुसरं काही मनात नव्हतं, खरंच. 'आत्या' नावाचा फोल्डर उघडला. सातशे चाळीस फोटो. एक एक बघत गेलो. मास्क. पाठ. हात. मास्क. अंधारातला गाल. हात. परत मास्क. सातशे चाळीस फोटोंत माझ्या आत्याला तोंड नव्हतं. सगळ्यात शेवटी तो यंत्राचा फोटो, आकडा असा स्वच्छ की काय सांगावं, आणि मागं तिचं तोंड धूसर. मीच लेन्सला सांगितलं होतं तसं, आकड्यावर धर म्हणून. मी खुर्चीतच हमसून हमसून रडलो.

मंग आठवलं, माझ्या लग्नाची सीडी आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वीची. माझा फोटो दुसरा कुणीतरी काढून राह्यला होता, पण मधेच मीच त्याचा कॅमेरा हिसकावून चार-सहा काढले होते, मला काही राहवलं न्हाई. त्यात ती होती. मामांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, काहीतरी ऐकून मान मागं टाकून हसलेली, तोंड उघडं, काळे दात, डोळे गच्च मिटलेले. वाया गेलेला फोटो म्हणून मी अल्बममध्ये घेतला नव्हता. पण मानेखालचं सगळं झकास आलं होतं. खांदे सरळ. हिरवी साडी, पदर चापूनचोपून. तेवढं मी कापून ठेवून दिलं होतं.

हो. तेच. ते धड आत्याचं होतं. तिला मी कधी सांगितलंच न्हाई. आणि वर दुसऱ्याचं तोंड असलं की आपली साडी, आपले खांदे आपल्याला कुठं ओळखू येतात.

कसं झालं मला सांगता येत न्हाई, माझे हात चालायला लागले. निळा पडदा, हिरवी साडी, वरून तिचं हसरं मुंडकं. दर वेळी मान बसवायला मला अर्धा तास लागतो, कुणाची रुंद असती, कुणाची काळी. ही मान एका झटक्यात बसली.

पाठीमागून रूपालीचा आवाज आला. "अहो, जित्या माणसाची फ्रेम करून राह्यले का तुम्ही?"

मी वायरच उपसली. रूपाली देव्हाऱ्यापुढं जाऊन बसली अन् मी जिन्यात. माझी खात्री झाली की आता फोन येणार. आधी आकड्याचा फोटो काढला, मंग फ्रेम केली, मीच तिला ढकलत ढकलत तिकडं नेऊन राह्यलो होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा एका जागी बसवलं, कारण उठायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबडहून एक माणूस मोटरसायकलवर आला. भुजंग नाव सांगितलं. बायको गेल्ती. मोबाइलमध्ये तिचा एक फोटो, शेतात कापूस वेचताना, डोक्याला फडकं, नवऱ्याच्या जुन्या शर्टात. तो म्हणाला, ती चांगली साडी टाका, तुम्ही सगळ्यांना टाकता ती. मी कम्प्युटरपुढं बसलो, पण ती फाइल उघडायला हात धजेना. त्याला म्हणलं, भाऊ, ती साडी संपली. तो माझ्याकडं बघतच राहिला, आता फोटोतली साडी कशी संपती. मी म्हणलं, ही आहे अशीच देतो, कापसासकट. त्यानं मोबाइल हातात घेऊन तो फोटो परत बघितला. मंग म्हणाला, द्या, ती अशीच असायची. दोन तास लागले, फक्त उजेड नीट केला. तोंड बिलकुल गोरं केलं न्हाई.

आणि फोन आला तो चौदाव्या दिवशी आला. घेऊन जा म्हणाले.

आत्या घरी आली तेव्हा अर्धी झाली होती. तिला जिना चढवेना, मी पाठुंगळी घेऊन वर नेलं, अन् ती एवढी हलकी लागली की मला परत रडू आलं. आठ दिवस ती नुसती झोपली. नवव्या दिवशी तिनं मला बोलावलं. म्हणाली, रूपाली सांगत होती, मला फ्रेममध्ये बसवलं होतंस म्हणं. दाखव.

मी रूपालीकडं असं बघितलं की ती स्वयंपाकघरात गेली. पण आत्यापुढं काय चालणार? वायर उपसली तरी फाइल कम्प्युटरात वाचली होती, ती मोबाइलवर घेतली. दाखवलं. मोबाइल लांब धरून तिनं बघितलं. मंग आणखी लांब धरला.

"साडी माझी हाय," ती म्हणाली. "तुझ्या लग्नातली. तुझे मामा गेल्यावर सोडली मी."

मंग मी सगळं सांगितलं. साखराबाईचं, गल्लीतल्या बायांचं, आणि गेल्या महिन्यात दिवसाला चार-चार निघायच्या त्यांचं. की सगळ्यांच्या भिंतीवर खांदे तिचे आहेत. मला वाटलं आता शिव्या पडणार, पडायलाच पाहिजे होत्या. ती खिडकीबाहेर बघत बसली. त्यातल्या बऱ्याच बाया तिच्या ओळखीच्या होत्या, रूपालीच्या हळदी-कुंकवाला येणाऱ्या. तिनं एवढंच विचारलं की त्यांचा पदर नीट बसला होता ना.

बसला होता म्हणलं.

मंग बरं, म्हणाली.

मी कॅमेरा आणला. गच्चीवर कोवळं ऊन होतं, तिथं खुर्ची टाकली, तिला उचलून बसवलं. रूपालीनं केस विंचरून दिले. अंगावर तिची रोजचीच राखाडी साडी, खांदे वाकलेले, गळ्याची हाडं वर आलेली. मास्क काढला. मी कॅमेरा डोळ्याला लावला अन् काचेतून बघितलं तर आत्यानं मान वळवलेली, नजर लांब कुठंतरी, तोंड उतरलेलं. मी वर्षभर शिकवलं होतं तसंच. बराबर जमलं होतं तिला. एवढं बराबर की मला बटन दाबवेना.

"आत्या," मी म्हणलं, "इकडं बघ."

तिनं बघितलं. जरा घाबरतच विचारलं,

"हसू का आता?"